डोंगलवर पोर्ट फॉरवर्डिंग : शाळेचं दार आणि बाहेरची चिठ्ठी



"शाळेच्या लॅपटॉपवर तयार केलेली चाचणी मुलांना घरी मोबाईलवर उघडता येईल का?" हा प्रश्न तंत्रस्नेही शिक्षकांमध्ये नेहमी निघतो. आणि कुणीतरी लगेच सांगतं, "पोर्ट फॉरवर्डिंग करा, दोन मिनिटांचं काम आहे." वायरच्या ब्रॉडबँडवर ते कधी कधी खरंच दोन मिनिटांत होतं. पण आपल्या कितीतरी शाळांमध्ये इंटरनेट म्हणजे लॅपटॉपला खोचलेलं यूएसबी डोंगल आणि त्यातलं सिमकार्ड. या डोंगलवर पोर्ट फॉरवर्डिंग कसं करतात, सगळं बरोबर करूनही ते बहुतेक वेळा का चालत नाही, आणि चाललंच तर ते दार आपण उघडावं का, हे आज आपण नीट समजून घेऊ.

मला याची गरज पडली ती ऊसतोडीमुळे. दिवाळी झाली की वर्गातले काही पालक कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण काही आईवडिलांबरोबर जातातच. परत येतात ती उन्हाळा लागल्यावर. तोवर गुणाकार विसरलेला असतो, वाचन अडखळायला लागलेलं असतं. एका आईने जाताना विचारलं, "बाई, तुमच्या काम्प्युटरवरचा अभ्यास आमच्या मोबाईलमधी दिसंल का? संध्याकाळी कोपीवर पोरगी रिकामीच असती." लॅपटॉपवर चाचण्यांची छोटी वेबसाइट तयार होती. ती तळावरच्या मोबाईलपर्यंत पोचवायची एवढंच उरलं होतं.

पोर्ट म्हणजे काय?

आपल्या शाळेचंच उदाहरण घेऊ. शाळेचा टपालाचा पत्ता एकच असतो, पण आत वर्ग अनेक असतात. इंटरनेटवर संगणकाचा पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस, आणि आतल्या वर्गाचा क्रमांक म्हणजे पोर्ट. पोर्टचे क्रमांक ० ते ६५५३५ असतात. साधी वेबसाइट ८० क्रमांकावर ऐकते, कुलपाची खूण असलेली सुरक्षित वेबसाइट ४४३ वर. आपण लॅपटॉपवर चालवतो त्या छोट्या सर्व्हरला बऱ्याचदा ८०८० हा क्रमांक दिलेला असतो.

आता फाटकावर एक शिपाई उभा आहे असं समजा. तिसरीच्या वर्गातून एक चिठ्ठी बाहेर गेली, की शिपाई वहीत लिहून ठेवतो : "ही तिसरीची." त्यावर शाळेचा पत्ता घालून तो ती पाठवतो. उत्तर आलं की वही बघून तिसरीत पोचवतो. राउटर हेच करतो. पत्त्यांच्या या अदलाबदलीला नॅट म्हणतात.

पण आपण काहीच पाठवलेलं नसताना बाहेरून एखादी चिठ्ठी आली तर? वहीत नोंद नाही. कुठल्या वर्गात द्यायची हे शिपायाला कळत नाही. तो ती बाजूला टाकतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याला आधीच सांगून ठेवणं : "८०८० असं लिहिलेलं काही आलं, तर थेट तिसरीच्या वर्गात पाठव." गोष्ट एवढीच आहे.

आपलं डोंगल कोणत्या जातीचं?

डोंगल दोन प्रकारची असतात आणि इथेच अनेकांचा गोंधळ होतो.

जुन्या प्रकारच्या डोंगलमध्ये फक्त मोडेम असतो. लॅपटॉपवर त्याचं सॉफ्टवेअर उघडून "कनेक्ट" दाबावं लागतं. यात शिपाईच नसतो. मोबाईल कंपनीने दिलेला पत्ता सरळ लॅपटॉपला मिळतो. त्यामुळे डोंगलमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगची सोय शोधत बसण्यात अर्थ नाही, ती तिथे नसतेच.

नव्या प्रकारात डोंगलच्या पोटातच एक छोटा राउटर असतो. खोचलं की आपोआप इंटरनेट सुरू होतं. ह्वावेच्या हायलिंक प्रकारच्या डोंगलचं पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ या पत्त्यावर उघडतं. (टाइप करताना आकडे अर्थातच इंग्रजी वापरा.) बाकी कंपन्यांचा पत्ता वेगळा असू शकतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये "आयपीकॉन्फिग" हा आदेश इंग्रजीत दिला, की "डीफॉल्ट गेटवे" समोर जो पत्ता दिसतो तोच आपल्या शिपायाचा.

प्रत्यक्ष कृती

पायरी १ : आधी सर्व्हर लॅपटॉपवरच चालतोय ना ते बघा. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग विसर्गासारखे दोन टिंब आणि ८०८० लिहा. पान इथेच उघडत नसेल तर पुढच्या पायऱ्यांचा उपयोग नाही.

पायरी २ : लॅपटॉपचा आतला पत्ता टिपून घ्या, उदाहरणार्थ १९२.१६८.८.१००. डोंगलला एकच लॅपटॉप जोडलेला असल्यामुळे हा पत्ता सहसा बदलत नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघून खात्री करा.

पायरी ३ : डोंगलच्या पानावर लॉगिन करा आणि सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली "व्हर्च्युअल सर्व्हर" शोधा. काही डोंगलमध्ये यालाच "पोर्ट फॉरवर्डिंग" म्हटलेलं असतं, काहींमध्ये ही सोय दिलेलीच नसते. नवीन ओळ घालून नाव द्या, वॅन पोर्ट ८०८०, लॅन आयपी म्हणजे लॅपटॉपचा पत्ता, लॅन पोर्ट ८०८०, प्रोटोकॉल टीसीपी. चालू करून "अप्लाय" दाबा.

पायरी ४ : शिपायाने आत सोडलं तरी वर्गाचं दार बंद असू शकतं. विंडोजच्या फायरवॉलमध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे "इनबाउंड रूल्स" आणि मग नवीन नियम : पोर्ट, टीसीपी, ८०८०, परवानगी द्या. फायरवॉल पूर्ण बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका.

पायरी ५ : तपासणी बाहेरून करा. दुसऱ्या मोबाईलचं वायफाय बंद करून त्याच्या स्वतःच्या डेटावरून आपला बाहेरचा पत्ता आणि पोर्ट टाकून बघा.

बहुतेक ठिकाणी इथेच चाक फिरत राहतं. फिरतं, फिरतं, आणि शेवटी "साइट उघडता येत नाही" असं येतं. मग आपण पुन्हा पायरी एकवर जातो, डोंगल रीसेट करतो, दुसरा व्हिडिओ बघतो. दिवसाचा डेटा संपतो आणि संध्याकाळही जाते. म्हणून हात लावण्याआधीच एक तपासणी करावी असं माझं सांगणं आहे.

दोन मिनिटांची खरी तपासणी

डोंगलच्या पानावर "डिव्हाइस इन्फर्मेशन" मध्ये "वॅन आयपी ॲड्रेस" दिसतो. तो कागदावर लिहा. जुन्या प्रकारचं डोंगल असेल तर आयपीकॉन्फिगमध्ये पीपीपी जोडणीखाली दिसणारा पत्ता लिहा. मग गुगलवर आपला आयपी पत्ता दाखवणारी एखादी साइट शोधा आणि तिने दाखवलेला आयपीव्ही-४ पत्ता त्याखाली लिहा. दोन्ही सारखे असतील तर आशा आहे. वेगळे असतील तर थांबा.

माझ्या डोंगलचा पत्ता १० ने सुरू होत होता आणि बाहेरच्या साइटवर भलताच दिसत होता. १० ने सुरू होणारे, १९२.१६८ ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात, म्हणजे फक्त आतल्या वापराचे. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टाही बाहेरच्या जगात चालत नाही. तो तर खास इंटरनेट कंपन्यांच्या अशाच वापरासाठी २०१२ मध्ये राखून ठेवला गेला.

ही वेळ का आली? आयपीव्ही-४ पद्धतीत एकूण पत्तेच साधारण ४२९ कोटी. ही पद्धत आखली तेव्हा प्रत्येकाच्या खिशात एक संगणक असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे पाच प्रादेशिक संस्थांना वाटले गेले आणि मूळ कोठार रिकामं झालं. मग मोबाईल कंपन्यांनी असंख्य ग्राहकांना मिळून थोडे पत्ते वापरायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या शिपायाच्या पुढे आणखी एक मोठा शिपाई उभा राहिला.

आपल्या भाषेत सांगते. समजा तालुक्यातल्या सगळ्या शाळांचं टपाल आता पंचायत समितीच्या एकाच पत्त्यावर येतं. तिथे आवक-जावकचं टेबल आहे. आपण शाळेच्या शिपायाला कितीही पक्कं सांगितलं, "८०८० ची चिठ्ठी तिसरीत दे", तरी ती चिठ्ठी त्याच्यापर्यंत येतच नाही. आवक-जावकच्या टेबलावर तिची नोंद नाही, आणि तिथल्या लिपिकाला सूचना देण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून डोंगलमधली सेटिंग अगदी बरोबर असूनही काम होत नाही. हे कळलं की आपल्याला काही येत नाही ही चुटपुट तरी संपते.

कंपनीकडून सार्वजनिक स्थिर पत्ता मिळू शकतो का? काही कंपन्या संस्थांना वेगळ्या योजनेत तो देतात. त्याचे जादा पैसे पडतात आणि दर वर्षी ते भरायचे कुठून हा आपला नेहमीचा प्रश्न येतो.

आयपीव्ही-६ ही नवी पद्धत आहे. तिच्यात पत्ते इतके आहेत की प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळू शकतो, आणि भारतातल्या मोबाईल नेटवर्कवर ती मोठ्या प्रमाणात वापरात आहे. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगची गरजच उरत नाही. पण बाहेरून विनाकारण येणारी जोडणी वाटेत अडवलेली असू शकते, आणि समोरच्या मोबाईलकडेही आयपीव्ही-६ असावं लागतं. भरवशाने पालकांना सांगता येईल असा हा मार्ग अजून नाही.

आणि दार उघडलंच तर?

समजा तुमच्याकडे सार्वजनिक पत्ता आहे आणि सगळं जुळून आलं. आता माझा खरा मुद्दा.

आपण दार उघडतो ते कोपीवरच्या एका मुलीसाठी. पण इंटरनेटवर दार एकीसाठी उघडत नाही, सगळ्या जगासाठी उघडतं. "माझ्या शाळेचा पत्ता कुणाला माहीत आहे?" असं वाटणं स्वाभाविक आहे. पण पत्ता माहीत असावा लागतच नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन जाहीर केलं. वेगवान जोडणी असलेल्या एकाच संगणकावरून आयपीव्ही-४ च्या साऱ्या सार्वजनिक पत्त्यांवरचं एक पोर्ट पाऊण तासाच्या आत ठोठावून बघता येतं, हे त्यांनी दाखवलं. त्यांचा हेतू अभ्यासाचा होता. सगळ्यांचा तसा नसतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने असंच दारं ठोठावत कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. शाळेचा सीसीटीव्ही घरून दिसावा म्हणून पोर्ट उघडायला सांगणाऱ्या पालकांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. वर्गातली मुलं आपल्याला दिसावीत म्हणून उघडलेल्या खिडकीतून दुसरंही कुणी बघू शकतं.

आता आपल्या शाळेच्या लॅपटॉपमध्ये काय काय असतं ते आठवा. चाचण्या असतातच. त्याबरोबर मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीसाठी बँक खाती, स्नेहसंमेलनाचे फोटो. सगळं एकाच डेस्कटॉपवर. आपण चाचणीचा सर्व्हर म्हणून एक्सॅम्प वापरतो. त्यातल्या डेटाबेसच्या मुख्य खात्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो, कारण ते साधन स्वतःच्या संगणकावर सराव करण्यासाठी आहे, जगासमोर मांडण्यासाठी नाही. पालकांनी ही माहिती आपल्याकडे विश्वासाने दिलेली आहे. बाहेर गेलेला आधार क्रमांक किंवा मुलीचा फोटो परत मागवता येत नाही. चाचणी घरी दिसावी ही गरज खरी आहे, पण त्यासाठी ही किंमत मोजायची नसते.

मग करायचं काय?

गरज कोणती आहे त्यावर उपाय ठरतो.

वर्गातल्या वर्गात हवं असेल, तर चाचणी इंटरनेटवरून न्यावी लागतच नाही. विंडोजचं मोबाईल हॉटस्पॉट सुरू करा. त्यात लॅपटॉपचा पत्ता सहसा १९२.१६८.१३७.१ असतो. मुलांच्या टॅबवर हा पत्ता आणि ८०८० टाकलं, की चाचणी उघडते. चाचणी उघडताना डेटा खर्च होत नाही आणि दार शाळेबाहेर उघडत नाही. फक्त फायरवॉलमधली परवानगी खासगी नेटवर्कपुरती ठेवा. कोलिब्रीसारखा ऑफलाइन अभ्यासाचा सर्व्हर किंवा किविक्समधला ऑफलाइन विकिपीडिया याच पद्धतीने वर्गात वापरता येतो.

गावातल्या घरी हवं असेल, तर चाचणीची पानं एखाद्या मोफत होस्टिंगवर चढवा. त्यात मुलांची नावं किंवा गुण ठेवू नका, फक्त प्रश्न. मग शाळेचा लॅपटॉप रात्री बंद असला तरी चालतो.

लॅपटॉपवरचंच काही थोडा वेळ बाहेर दाखवायचं असेल, तर टनेल वापरतात. यात लॅपटॉप स्वतः बाहेरच्या एका सर्व्हरशी जोडणी करतो. चिठ्ठी आतून निघालेली असल्यामुळे शिपाई आणि लिपिक, दोघांच्या वहीत नोंद होते आणि उत्तराची वाट मोकळी राहते. पण टनेल हेही दारच आहे. पासवर्ड लावा, काम झालं की बंद करा.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी? तिथे रेंज कधी असते, कधी नसते. मोबाईल वडिलांकडे, रिचार्ज संपलेला. अशा ठिकाणी सर्व्हर शोधायला लावण्यापेक्षा चाचणीच सोबत द्यायची. प्रश्न, चित्रं, उत्तरं तपासणारा कोड, सगळं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये बसवलं. गाडी निघण्याआधी ती फाइल पालकांच्या मोबाईलमध्ये टाकली आणि त्यांच्यासमोर इंटरनेट बंद करून उघडून दाखवली. फाइल क्रोममध्येच उघडा, कारण काही मोबाईलमधल्या साध्या व्ह्यूअरमध्ये बटणं चालत नाहीत. शेवटच्या पानावर आलेल्या गुणांचा स्क्रीनशॉट काढायला मुलीला शिकवलं. रेंज मिळेल तेव्हा तो व्हॉट्सॲपवर येतो. कधी आठवड्याने, कधी पंधरा दिवसांनी. एकदा चौदापैकी पाच आले, पुढच्या वेळी अकरा. सोबत तिच्या आईचा आवाजी निरोप होता, "बाई, आता भागाकाराचं बी द्या."

वर्गात खेळून बघा

हा विषय चौथीच्या मुलांनाही कळतो. एक मूल शिपाई, एक आवक-जावकचा लिपिक, चार मुलं चार वर्ग, बाकीची बाहेरची माणसं. आतून गेलेल्या चिठ्ठीची नोंद दोघांनी वहीत करायची. नोंद नसलेली चिठ्ठी आली की परत. दुसऱ्या फेरीत फक्त शिपायाला सांगा, "८०८० तिसरीला दे." मुलांच्या लगेच लक्षात येतं की लिपिकाने अडवलं तर शिपायाच्या हातात काही नाही. तिसऱ्या फेरीत लिपिकाला काढून टाका आणि बाहेरच्या एका मुलाला खोट्या नावाची चिठ्ठी द्यायला सांगा. शिपाई ती निमूटपणे तिसरीत पोचवतो. अनोळखी लिंक, ओटीपी, अनोळखी माणसाचा मेसेज, यांवर बोलायला याहून चांगली सुरुवात मला सापडलेली नाही.

शेवटी, शाळेच्या कुठल्याही यंत्राचं पोर्ट उघडण्याआधी हे तीन प्रश्न कागदावर लिहा आणि मुख्याध्यापकांसोबत बसून त्यांची उत्तरं लिहा. हे कुणासाठी उघडतोय? किती वेळ उघडं ठेवणार आहोत आणि बंद कोण करणार? त्याच यंत्रात मुलांचं आणखी काय काय ठेवलेलं आहे? तिसऱ्या उत्तराची यादी लांब झाली, तर पोर्ट राहू द्या. चाचणीची फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि पालकांच्या हातात द्या.